दहा मार्च एंडिंग आणि चार दात
(ज्येष्ठ सभासदांच्या मासिक बैठकीतील भाषण)



मी डॉक्टर नाही, बँकेत जन्म गेलेला माणूस. पण खालचे चार दात गमावलेत, त्या अनुभवावर बोलतो.

पन्नाशीत ब्रश करताना रक्त यायला लागले. दुखत काहीच नव्हते. "उष्णता असेल," म्हणून सोडून दिले. सौ. म्हणायची, दाखवून या. मी म्हणायचो, मार्च एंडिंग होऊ दे. असे दहा मार्च गेले, आणि दात हलू लागले.

मग दंतवैद्यांनी समजावले. दातांवर रोज जिवाणूंचा चिकट थर बसतो, तो प्लाक. तो निघाला नाही तर लाळेतल्या क्षारांनी कडक होतो, तेच किटण. जिवाणू हिरडीच्या कडेला साचले की शरीर त्यांच्याशी लढते. त्यातून सूज येते, रक्त येते.

१९६५ साली डेन्मार्कमधला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. हॅराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी १२ निरोगी माणसांचे दात घासणे बंद केले. तीन आठवड्यांच्या आत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणे सुरू करताच साधारण आठवड्यात बऱ्या झाल्या! म्हणजे सुरुवातीला सगळे भरून येते. पण सूज खोल गेली की दात धरणारे हाड झिजते, आणि ते सहसा भरून येत नाही. माझे तेच झाले. त्यात मला मधुमेह. साखर वाढली की हिरड्या बिघडतात, आणि हिरड्या बिघडल्या की साखर आवरत नाही.

"स्केलिंगने दात ढिले होतात," असे आपल्याकडे सर्रास म्हणतात. ते खरे नाही. किटण निघाल्यावर आधीच झालेली फट दिसते, इतकेच. आजार खोल असेल तर हिरडीखालची मुळे साफ करतात, त्यानेही भागले नाही तर छोटी शस्त्रक्रिया. नुसत्या गोळ्यांनी थर निघत नाही.

घरी दोन वेळा मऊ ब्रश, फटींसाठी बारीक ब्रश, आणि मिश्री-तंबाखू बंद. तंबाखू ओढणाऱ्यांना तर रक्तही कमी येते, त्यामुळे आजार कळतच नाही.

उद्या सकाळी थुंकल्यावर बेसिनकडे जरा बघा. लाल दिसले तर याच आठवड्यात दाखवून या. मार्चची वाट बघू नका.