काडेपेटीएवढं कार्ड

(दहावी, १९९५च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यातील मनोगत)



दहावीच्या निरोप समारंभाला आपण लेख लिहिले होते, आठवतं? ते डोंबिवलीत माझ्या बाबांच्या टायपिंगच्या दुकानात टाइप झाले. दुकान बंद झालं, पण तो ४८६ कॉम्प्युटर माळ्यावर राहिला. दर दिवाळीच्या साफसफाईत मी म्हणायचे, "पुढच्या वर्षी बघू." या मेळाव्यासाठी अखेर खाली काढला. सुरू झाला, पण हार्ड डिस्क कट्कट् वाजत होती. तिचे दिवस भरले होते.

उपाय निघाला ठाण्याच्या आपल्या फोटोग्राफर मैत्रिणीकडे. तिच्या जुन्या कॅमेऱ्यातलं २५६ एमबीचं कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड पडून होतं. १९९४ साली आलेलं हे कार्ड आयडीई हार्ड डिस्कसारखंही वागू शकतं. मध्ये फक्त चाळीस पिनांचा साधा अडॅप्टर लागतो, मग कॉम्प्युटरला ते डिस्कच वाटतं. कार्ड लहान होतं हे बरंच झालं, कारण त्या काळच्या अनेक मशीनना ५०४ एमबीच्या पुढचं दिसतच नाही.

मग डिस्कवरून कार्डावर एकेक फाइल उतरवली. अडलं की डॉस विचारायचा, 'अबॉर्ट, रिट्राय, फेल?' बाईंच्या धाकाने मी दहा-दहा वेळा रिट्राय केलं. तरी दोनदा 'फेल' दाबावंच लागलं.

कार्ड लॅपटॉपला लावलं, तर मराठीच्या जागी भलत्याच खुणा! बाबांच्या मशीनमध्ये सी-डॅकचं जिस्ट कार्ड होतं आणि मजकूर 'इस्की' या भारतीय संकेतप्रणालीत साठवलेला होता. पण युनिकोडमधली देवनागरीची मांडणी इस्कीवरच बेतलेली आहे. त्यामुळे अक्षरं बदलून देणारा छोटा प्रोग्राम एका रविवारी लिहून झाला.

बावीस लेख मिळाले. ते छापून त्या टेबलावर ठेवलेत; आपापला शोधा आणि हसा. गेलेल्या दोनांपैकी एक माझा, त्याचं काही नाही. दुसरा मात्र आपल्या त्या मित्राचा, जो आज इथे नाही. मी माळ्यावर जायला उशीर केला. कोणाच्या घरी त्याची झेरॉक्स असेल, तर कृपा करून द्या.

आणि हो, कार्डही अमर नाही. म्हणून सगळ्या लेखांची एकेक प्रत प्रत्येकाने घरी न्या. पुढच्या वर्षी नको, आजच.