रस्त्यावरचा घोडा आणि आपली मिरवणूक

(समाजाच्या आषाढातील मासिक सभेत सादर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय ऐकून काहींना हसू आले असेल. आपल्यापैकी कोण घोड्यावरून बाजारात जातो? पण मागच्या सभेत युवा शाखेने ठराव मांडला, की यंदा अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत दोन घोडे असावेत, एकावर बाल शिवाजी आणि दुसऱ्यावर जिजाऊंच्या वेशातली मुलगी. टाळ्या झाल्या, वर्गणीही बोलली गेली. तेव्हा अध्यक्षांनी आम्हा चौघांना सांगितले, की मत देण्याआधी सगळ्यांना यातले बरेवाईट समजावून द्या. आमच्यातला एक पशुवैद्यकीय खात्यातून निवृत्त झालेला, एकाच्या घरी वडिलांच्या काळापर्यंत टांगा होता, आणि दोघी जणी घोडेस्वारी शिकलेल्या. जे बोलणार आहोत ते चौघांचे मिळून आहे.

घोडा या शहराला नवा नाही. राणोजी शिंद्यांनी उज्जैनला आपले ठाणे केले आणि १८१० मध्ये दौलतरावांनी ग्वाल्हेरला लष्कर हलवले. तोवर इथली रहदारी घोड्यांच्या पावलांनीच चालत असणार. आपल्यातल्या कित्येक घराण्यांचे मूळ पुरुष बारगीर किंवा शिलेदार म्हणून, नाहीतर त्यांचे हिशेब लिहायला म्हणून इकडे आले. लगाम सोडून दोन्ही हातांनी कणीस मळत दाणे खाणाऱ्या बाजीरावांचे चित्र तर घराघरात आहे. ते चित्र पाहताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी, की त्या रस्त्यावर समोरून डंपर येत नव्हता. शिवाय पणजोबा बारगीर होते एवढ्यावरून पणतूला मांड ठोकता येत नाही. तो गुण रक्तातून उतरत नाही, रोजच्या रपेटीतून येतो.

आज या शहरात घोडा रस्त्यावर दिसतो तो तीन ठिकाणी. एक महाकाळाच्या सवारीत, दुसरा लग्नाच्या वरातीत, आणि तिसरा सिंहस्थात, आखाड्यांच्या शहरप्रवेशाच्या वेळी. (त्या प्रवेशाला परवापरवापर्यंत पेशवाई म्हणत. शब्द आपला, पण आपल्याला कोणी विचारले नाही, असे आमच्यातले एक काका म्हणत असतात.) २०१६च्या सिंहस्थात हे सगळे आपण डोळ्यांनी पाहिले आहे आणि २०२८ आता फार लांब नाही.

सवारी तर आपल्या पंचांगाशीही जोडलेली आहे. उत्तरेकडच्या श्रावणात ती सुरू होते आणि आपला श्रावण संपेपर्यंत, म्हणजे इथल्या भादव्याच्या अमावास्येपर्यंत चालते. दर सोमवारी पालखीपुढे पोलिसांचे घोडेस्वार असतात. मंदिरापासून गुदरी, बक्षी बाजार, कहारवाडी, रामघाट, मग कार्तिक चौक, ढाबा रोड, छत्री चौक, गोपाळ मंदिर, पटनी बाजार आणि परत मंदिर. दोन्ही बाजूंना माणसांच्या भिंती, वरून फुले, डमरू आणि झांजांचा कल्लोळ, आणि घोडे मात्र शांत. आपली मुले हे पाहतात आणि त्यांना वाटते की घोडा म्हणजे असाच. इथेच घोटाळा होतो. पोलिसांच्या घोड्याला बँड, फटाके, धूर आणि गर्दी यांची सवय पायरीपायरीने लावलेली असते, आणि वर बसणारा स्वार रोजचा असतो. आपण भाड्याने आणू ती लग्नाची घोडी. तिला सवय असली तर ती नशिबाने.

त्यात आणखी एक बाब कोणाच्या लक्षात आलेली दिसत नाही. देवशयनी एकादशीला लग्ने थांबतात. अनंत चतुर्दशी येईपर्यंत या घोड्या जवळजवळ दोन महिने ठाणावर उभ्या असतात. मालकाची कमाई बंद, म्हणून कोणाच्या दाण्यात काटकसर होते, आणि जिथे दाणा चालू राहतो तिथे घोडी अंगात रग घेऊन उभी असते. दोन महिन्यांनी पहिल्यांदा बाहेर काढायची ती थेट ढोल-ताशांपुढे, आणि पाठीवर आठ वर्षांचे पोर! लग्नसराईत शांत असते तीच घोडी त्या दिवशी तशी असेल असे धरून चालू नये.

घोडा बुजतो म्हणजे काय होते, ते थोडे सांगतो. घोडा हे शिकार होणारे जनावर. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना आहेत, त्यामुळे त्याला जवळजवळ सगळीकडचे दिसते. न दिसणाऱ्या जागा दोन. एक बरोबर शेपटीमागे आणि दुसरी कपाळासमोर, अगदी नाकाजवळ. मागून आलेला आवाज कशाचा आहे हे त्याला दिसत नाही, म्हणून तो आधी पळतो आणि मग विचार करतो, किंवा लाथ झाडतो. वरातीमागून घोडे ही म्हण आपण भलत्या अर्थाने वापरतो. प्रत्यक्षात घोड्यामागून वरात हेच जास्त धोक्याचे. भर उजेडातून अंधारात गेल्यावर त्याच्या डोळ्यांना सरावायला माणसापेक्षा जास्त वेळ लागतो. जनरेटरच्या गाडीवरचे झगझगीत दिवे मागे आणि पुढे काळोखी गल्ली, ही अवस्था त्याला सर्वांत वाईट.

बुजण्याआधी तो सांगत असतो. मान उंच होते, कान ताठ होऊन एकाच दिशेला खिळतात, नाकपुड्या फुगतात, डोळ्याचा पांढरा भाग दिसू लागतो, शेपूट आवळली जाते, वरचेवर लीद पडते. जागच्या जागी नाचणाऱ्या घोड्याला आपण कौतुकाने पाहतो आणि नोटा ओवाळतो. पुष्कळदा तो घाबरलेला असतो.

काही वर्षांपूर्वी याच शहरात एका लग्नाला आम्ही गेलो होतो. नवऱ्यामागे त्याचा सहा वर्षांचा भाचा घोडीवर बसवलेला. पोर पडू नये म्हणून कोणीतरी शेल्याने त्याला खोगिराला बांधले. चौकात पाठीमागे फटाक्यांची लड लावली गेली. घोडी उसळली, तंग ढिला होता, खोगीर फिरून पोटाखाली गेले. नवरामुलगा बाजूला पडला आणि उठला. बांधलेले पोर मात्र खोगिराबरोबर खाली लटकले, घोडीच्या चार पायांमध्ये. घोडीवाल्याने मोरकी सोडली नाही आणि एका बँडवाल्याने आपले वाद्य टाकून शेला कापला, म्हणून मनगट मोडण्यावर निभावले. त्या घोडीवाल्याला नंतर लोकांनी शिव्या दिल्या. लड लावणाऱ्याला कोणी काही बोलले नाही.

म्हणून पहिली गोष्ट ही, की मुलाला घोड्याला कधीही बांधायचे नाही. पडणारे पोर घोड्यापासून सुटे झाले पाहिजे. याच कारणाने पाय रिकिबीत चवड्यापर्यंतच ठेवायचा, आणि बूट टाचेचा हवा, म्हणजे पाऊल रिकिबीतून आरपार जात नाही. मोजडी आणि चप्पल नको. लगाम हाताला गुंडाळायचा नाही. तंग निघण्यापूर्वी तपासायचा आणि पन्नास पावले चालवून पुन्हा तपासायचा, कारण खोगीर चढवताना घोडा पोट फुगवतो आणि चालू लागला की तंग ढिला पडतो. पत्र्याची तलवार मुलाच्या हाती देऊ नये. ती दर पावलाला घोड्याच्या बरगडीला टोचते आणि मग घोड्यालाच अवखळ म्हणतात.

डोक्याचे काय, यावर आमच्यातच वाद झाला. महाराजांच्या वेशात हेल्मेट कसे, असे एकाचे म्हणणे. फेटा कितीही घट्ट बांधला तरी तो कापडच. साडेतीनशे-चारशे किलोच्या जनावरावरून सिमेंटच्या रस्त्यावर डोके आपटले तर फेट्याचा उपयोग नाही. आमच्यातल्या दोघींनी घोडेस्वारीच्या टोपीवर कापडाचा जिरेटोप सैल शिवून आणला आहे. हनुवटीखालचा पट्टा तेवढा दिसतो. बाहेर टेबलावर ठेवला आहे, जाताना पाहून घ्या. ज्यांना पट्टा खटकतो त्यांनी आपल्या नातवाचे डोके डोळ्यांपुढे आणावे.

आता रस्ता. लोखंडी नाल आणि गुळगुळीत फरशी यांचे जमत नाही. घाटाकडची ओली दगडी फरशी, सिमेंटचा उतार, गटाराची लोखंडी झाकणे, पांढरे रंगवलेले पट्टे, हे सगळे पावसात निसरडे होते. अशा जागी घोडा चालतच न्यायचा, दुडकी नाही, आणि लगाम ढिला सोडायचा, कारण तो मानेने तोल सांभाळतो. आपण घाबरून लगाम खेचला की त्याचा तोल आपणच काढून घेतो. उतार फारच वाईट असेल तर स्वाराला उतरवून घोडा हाताने न्यावा. नाल पाच-सहा आठवड्यांनी नव्याने बसवावी लागते. घोडी ठरवतानाच मालकाला विचारावे, नालबंद शेवटचा कधी आला होता. उत्तर देताना तो अडखळला तर दुसरी घोडी पाहावी.

घोडा रस्त्याच्या डाव्या कडेने न्यायचा आणि धरणारा माणूस घोडा व वाहने यांच्या मध्ये, म्हणजे घोड्याच्या उजव्या हाताला. आपल्याकडचे बहुतेक घोडे डाव्या बाजूच्या माणसाला सरावलेले असतात, म्हणून याची तालीम आधी आठ-दहा दिवस द्यावी लागते. एका घोड्याला एक धरणारा आणि आणखी एक माणूस मागे दहा फुटांवर, लोकांना दूर ठेवायला. दोन घोड्यांत निदान एका घोड्याच्या लांबीचे अंतर.

कायद्याचे थोडक्यात. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १३२ फार थोड्यांना माहीत आहे. जनावर ज्याच्या ताब्यात आहे त्याला ते बेकाबू होते आहे, किंवा गाडीला बिचकून होईल, असे वाटले आणि त्याने थांबायला सांगितले, तर गाडीवाल्याने थांबलेच पाहिजे. तेव्हा हात वर करून थांबवायला संकोच करू नका. उलट आपल्या निष्काळजीपणाने जनावराकडून कोणाला इजा होण्याचा धोका निर्माण झाला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली तो आपला गुन्हा आहे. घोड्याची बाजूही कायद्यात आहे. ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांसाठी १९६५चे नियम आहेत. त्यांत दिवसाला नऊ तासांहून जास्त काम नाही, पारा ३७ अंशांवर असताना दुपारी १२ ते ३ काम नाही, आणि काटेरी लगामाला बंदी आहे. तोंडात काटे टोचून नाचवलेली घोडी आपल्या मिरवणुकीत नको, एवढे तरी एकमताने ठरावे. इंग्लंडात २०२२पासून वाहनचालकांना सांगितले आहे, की घोड्याजवळून जाताना वेग ताशी दहा मैलांच्या आत आणि अंतर निदान दोन मीटर ठेवा. आपल्या गल्ल्यांमध्ये दोन मीटर मिळणे अशक्य, पण हॉर्न न वाजवणे आणि इंजिन न गुरगुरवणे एवढे कोणालाही जमते. ही सूचना आपल्याच मोटारसायकलवाल्या पथकाला आहे.

मग घोडे आणावेत की नाही? आमच्यातले तिघे म्हणतात आणावेत, एक जण अजूनही नको म्हणतो. पण चौघांचेही अटींवर एकमत आहे. घोडे मिरवणुकीच्या अगदी पुढे, आणि ढोल-ताशा पथक किमान पन्नास पावले मागे. फटाका एकही नाही, गुलाल घोड्यांवर नाही, भगवा ध्वज घोड्याच्या डोळ्यांजवळ फडकवायचा नाही. स्वार दहा वर्षांच्या वरचे, आणि आधी निदान पंधरा दिवस त्याच घोडीवर बसलेले. अंधार पडण्यापूर्वी घोडे मिरवणुकीतून बाहेर, मग बाप्पा कुठेही पोचलेले असोत. घोडी बिचकते आहे असे धरणाऱ्याने म्हटले की स्वार तिथेच उतरेल, आणि त्या वेळी अध्यक्षांनीही आग्रह करायचा नाही. यातली एक अट जरी कार्यकारिणीला जड वाटली, तर बाल शिवाजी पालखीत बसवावा, तिथेही तो छान दिसेल.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता समाजाच्या अंगणात घोडीवाला आपली घोडी घेऊन येणार आहे. ढोल पथकाने दोनच ढोल आणावेत, आम्ही ते लांबून हळूहळू जवळ आणून पाहणार आहोत. बसू इच्छिणाऱ्या मुलांनी बूट घालून यावे, आयांनी केळी आणि गूळ आणला तरी चालेल, पण घोडीला भरवण्याआधी मालकाला विचारावे.