हातातला फोन, गाठीची शिदोरी



आजच्या विषयाचे नाव पत्रिकेत वाचून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. फोनमध्ये मजकूर साठवून कसा ठेवावा, हे दुकानदाराला विचारावे. त्यासाठी व्याख्यान कशाला, अशी ती शंका. शंका रास्त आहे. पण आमचे म्हणणे असे की, हा प्रश्न यंत्राचा थोडा आणि मालकीचा अधिक आहे. जे आपल्याला दिसते ते आपल्याजवळ आहे काय, एवढाच तो प्रश्न.

तो आम्हांला कसा सुचला ते सांगतो. मागे एकदा आम्ही चोपड्याकडच्या एका खेड्यातून आमच्या मावशींना घेऊन धुळ्याला डॉक्टरांकडे निघालो. रक्ताचे, फोटोचे सगळे अहवाल एका अ‍ॅपमध्ये होते. आदल्या रात्री आम्ही ते उघडून पाहिले, एकेक नीट दिसला, आणि आम्ही निश्चिंत झोपलो. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या खोलीत फोन काढला, तर पडद्यावर नुसते एक चक्र फिरत राहिले. जाड भिंतीच्या त्या तळघरात जाळे पोहोचत नव्हते. बाहेर रांग, आत डॉक्टर घड्याळाकडे पाहताहेत, आणि आम्ही फोन खिडकीच्या दिशेने वर धरून उभे! तेव्हा मावशींनी कमरेची पिशवी सोडली आणि त्या म्हणाल्या, ‘‘बापू, कागद मन्हाजोडे शेतस.’’ प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेल्या जुन्या चिठ्ठ्या त्यांच्याजवळ होत्या. त्यांतली एक औषधाची होती, आणि त्या औषधाची मावशींना पूर्वी बाधा झालेली होती. डॉक्टर तेच औषध लिहून देण्याच्या बेतात होते.

आम्ही शिकलेले; मावशींना अक्षरओळख बेताची. पण ‘जवळ असणे’ म्हणजे काय, हे त्यांना आमच्यापेक्षा नीट कळत होते.

आता हे का घडते ते पाहू. आपण खानदेशी माणसे. नळाचे पाणी रोज, वेळेवर आणि पोटभर येईल असे गृहीत धरून आपल्यापैकी कोणी संसार केलेला नाही. पाणी आले की घरातली बाई हंडे, पिंप, रांजण भरून घेते. जाळ्यावरून फोनमध्ये येणारा मजकूर हे नळाचे पाणी आहे. अहवाल असो, पुस्तक असो, गाणे असो, ते मूळ दूरच्या कोठल्या तरी संगणकात असते. आपण बोट लावले की तेथून धार सुरू होते. आपण पाहतो, तोंड धुतो, आणि धार बंद होते. रांजण मात्र आपण भरलेलाच नसतो.

अ‍ॅपवाले म्हणतात की आम्ही साठवतो. पण साठवणीचे तीन प्रकार आहेत आणि त्यांत फार अंतर आहे. पहिला प्रकार म्हणजे ओंजळीतले पाणी. नुकत्याच पाहिलेल्या पानाची एक नक्कल अ‍ॅप आपल्या सोयीसाठी तात्पुरती ठेवते. तिला कॅश म्हणतात. फोनमधली जागा कमी पडली की ही नक्कल न सांगता पुसली जाते. आदल्या रात्री आम्ही ज्याच्या भरवशावर झोपलो ते हे ओंजळीतले पाणी. दुसरा प्रकार म्हणजे दुसऱ्याच्या कुलपातला रांजण. चित्रपटाच्या, गाण्यांच्या अ‍ॅपमध्ये ‘डाऊनलोड’ असे बटण असते. ते दाबले की वस्तू फोनमध्ये येते खरी. पण ती त्याच अ‍ॅपमध्ये उघडते, अधूनमधून जाळ्याशी जोडून हजेरी लावावी लागते, आणि वर्गणी संपली की रांजणाला कुलूप बसते. तिसरा प्रकार म्हणजे आपल्या घरातला, आपल्या हाताने भरलेला रांजण. ती साधी फाईल. ती कोणत्याही अ‍ॅपने उघडावी, दुसऱ्या फोनला द्यावी, कागदावर छापून घ्यावी.

दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारांतला फरक किती मोठा आहे, याचा धडा २००९ साली जगाला मिळाला. अ‍ॅमेझॉन कंपनीच्या किंडल नावाच्या वाचनयंत्रावर अनेकांनी जॉर्ज ऑर्वेल यांच्या कादंबऱ्या पैसे देऊन घेतल्या होत्या. विकणाऱ्याकडे त्यांचे हक्क नव्हते असे कंपनीला आढळले, तेव्हा तिने त्या प्रती लोकांच्या यंत्रांमधून परस्पर काढून घेतल्या. पैसे परत केले, आणि पुढे कंपनीच्या प्रमुखांनी क्षमाही मागितली. पण रात्री उशाशी ठेवलेले पुस्तक सकाळी नाहीसे व्हावे, हे छापील पुस्तकाच्या बाबतीत कोणी सहन केले असते काय? त्या पुस्तकांत ‘१९८४’ ही कादंबरी होती, आणि तिच्यात जुनी कागदपत्रे नाहीशी करणाऱ्या राजसत्तेचेच वर्णन आहे!

साठवणीचे महत्त्व आम्हां खानदेशकरांना कोणी बाहेरून येऊन शिकवावे असे नाही. १९३२ साली विनोबाजी धुळ्याच्या तुरुंगात होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत, दर रविवारी एक याप्रमाणे, त्यांनी गीतेच्या अठरा अध्यायांवर अठरा प्रवचने केली. बोललेला शब्द वाऱ्यावर जातो. पण समोर साने गुरुजी बसले होते आणि ते लिहून घेत होते. त्या वह्यांतून ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक झाले आणि देशातल्या कितीतरी भाषांत गेले. गुरुजींनी ‘पुढे केव्हातरी विचारून घेऊ’ असे म्हटले असते तर?

त्याच धुळ्यात १९२६ च्या अखेरीस इतिहासाचार्य राजवाडे वारले. गावोगावचे वाडे, मठ आणि माळे धुंडाळून त्यांनी जुने कागद जमवले. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड काढले. त्यांच्यामागे १९२७ साली धुळ्याला त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ निघाले आणि दफ्तर राहिले. राजवाडे ज्या घरी उशिरा पोहोचले असतील, तेथे वाळवी आधी पोहोचली असेल. कागद टिकला तो मौल्यवान होता म्हणून नव्हे. कोणीतरी तो वेळेवर उचलून ठेवला म्हणून.

आणि जळगावात बहिणाबाईंचे नाव न घेता हा विषय कसा पुरा होईल? १८८० साली असोद्याला जन्मलेल्या या माउलीला लिहिता येत नव्हते. जात्यावर, शेतात, तोंडाला येईल ते गाणे ती रचायची. मुलाने आणि नातलगाने त्यांतले जे कागदावर उतरवले तेवढेच आपल्याला मिळाले. १९५१ साली त्या गेल्या आणि १९५२ साली ते पुस्तक निघाले. जे उतरवायचे राहिले ते त्यांच्याबरोबर गेले.

तेव्हा मंडळी, उतरवून घेण्याची ही वेळ प्रत्येकावर येते. फोनमुळे ती टळलेली नाही, फक्त टळली असा भास झाला आहे.

या भासाची किंमत सर्वांना सारखी पडत नाही. शहरातल्या माणसाचा खेळ चार घटका अडतो. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरच्या पोराचे वर्ष अडते. २०२० साली शाळा बंद झाल्या आणि धडे फोनवर आले, तेव्हा हे उघड्या डोळ्यांनी दिसले. ज्या पाड्यावर टॉवरचे जाळे पोहोचत नव्हते, तेथे फोन असूनही शाळा नव्हती. उपाय मात्र होता. २०१७ साली सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या सरकारी अ‍ॅपमधले धडे एकदा उतरवून घेतले की जाळ्यावाचून पाहता येतात. बालभारतीची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात. बाजाराला यावल-चोपड्याला येणाऱ्या एका माणसाने ती आपल्या फोनमध्ये भरून न्यावी आणि पाड्यावर दहा फोनांत वाटावी, एवढेच काम होते. जेथे कोणी ते केले तेथे मुले शिकली.

साठवण दुसऱ्या दिशेनेही हवी. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने शेतात उभे राहून फोनवरून आपल्या पिकाची नोंद करायची. कल्पना उत्तम. पण शेत तेथे टॉवर असतोच असे नाही. अशा कामाच्या कोणत्याही अ‍ॅपने नोंद आधी फोनमध्ये पक्की लिहावी, तिच्यावर तारीख-वेळ घालावी, आणि जाळे मिळेल तेव्हा ती आपोआप पुढे धाडावी. टपालपेटीत टाकलेले पत्र गाडी येईपर्यंत पेटीत सुखरूप असते, तसे. चक्र फिरून फिरून नोंदच पुसली गेली, तर दोष शेतकऱ्याचा नव्हे, अ‍ॅप घडवणाऱ्याचा आहे. ज्या कारागिराच्या टेबलावर जाळे कधी जातच नाही, त्याला ही अडचण सुचत नाही. ती त्याला सांगावी लागते.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. साठवलेले पाणी शिळे होते. गेल्या आठवड्याचा केळीचा भाव पाहून आज माल काढणारा फसेल. म्हणून साठवलेल्या प्रत्येक वस्तूवर तारीख दिसली पाहिजे. गायकाला आणि लेखकाला मोबदला मिळाला पाहिजे. त्यांच्या वस्तूला कुलूप असणे समजण्यासारखे आहे. आणि फोन हरवला तर त्यातले अहवाल चोराच्या हाती जातात, म्हणून फोनलाही कुलूप हवे. जागेची तक्रार मात्र आम्हांला फारशी पटत नाही. सकाळच्या सुप्रभाताची फुले आणि वाढदिवसाचे चलच्चित्र काढून टाकले, तर कपाटभर पुस्तके मावतील. लेखी मजकूर फार थोडी जागा घेतो. किविक्स नावाच्या फुकट अ‍ॅपने सबंध मराठी विकिपीडिया फोनमध्ये उतरवून घेता येतो, हे किती जणांना ठाऊक आहे?

मग करायचे काय? घरी गेल्यावर तीन गोष्टी कराव्या. घरातल्या आजाऱ्याचे अहवाल, सात-बारा, विम्याचा कागद हे अ‍ॅपमध्ये नुसते पाहू नका. फाईल म्हणून उतरवा, आणि एक प्रत दुसऱ्या फोनमध्ये किंवा कागदावर ठेवा. प्रवासाला निघण्यापूर्वी वाटेचा नकाशा उतरवून घ्या. आणि उतरवलेले खरोखर उतरले की नाही हे पाहण्यासाठी, फोनमधले विमानाचे चिन्ह दाबून जाळे तोडा आणि मग उघडून बघा. ही एक कसोटी आम्ही त्या रात्री घेतली असती, तर दुसऱ्या दिवशी मावशींच्या पिशवीवर वेळ आली नसती.

घरापलीकडचे काम संस्थांचे आहे. जळगावचे वल्लभदास वालजी वाचनालय असो, धुळ्याचे असो की तालुक्याचे लहानसे असो, प्रत्येक वाचनालयाने तळहाताएवढा एक संगणक ठेवावा. त्यात पाठ्यपुस्तके आणि विश्वकोशासारखे ग्रंथ भरावे, आणि येणाऱ्याने बाहेरच्या जाळ्यावाचून ते आपल्या फोनमध्ये भरून न्यावे. अशी यंत्रे आज मिळतात, आणि ती महागही नाहीत. शाळा, पतपेढी किंवा दवाखाना आपल्याला नवे अ‍ॅप घ्या म्हणेल, तेव्हा आधी एक प्रश्न विचारा: जाळे नसताना हे काय करते? उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.

या व्याख्यानमालेचे चालक दरसाल येथली भाषणे पुस्तकरूपाने काढतात. ज्यांना आज येता आले नाही, त्यांच्यासाठी ती साठवण आहे. मावशींच्या पिशवीइतकीच ती भरवशाची ठरो.