शंख-शिंपले आणि नाताळचा गोठा
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



नाताळची सजावट म्हटली की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे कापसाचा बर्फ आणि बाजारातली चकाकती प्लॅस्टिकची फुले उभी राहतात. गोव्यातील, कोकणातील आणि वसईतील ख्रिस्ती घरांचा जुना नाताळ मात्र समुद्राच्या वाऱ्यावर वाढलेला आहे. त्या सजावटीविषयी आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

इ. स. १२२३ मध्ये इटलीतील ग्रेच्चो या गावी संत फ्रान्सिस यांनी गव्हाणी, गवत, बैल आणि गाढव आणवून येशूजन्माचा देखावा उभा केला. पुढे ही प्रथा जगभर पसरली. बाळ गोठ्यात जन्मले, तेव्हा आरासही गोठ्याला शोभेल अशीच हवी, हे तिचे मर्म. आपल्या किनारपट्टीने ते अचूक ओळखले. भाताचा पेंढा, माडाची झावळे आणि बांबूच्या कांबट्या मिळाल्या की गोठा उभा राहतो. नाताळवृक्षाच्या जागी सुरूची फांदी येते. दहा-बारा दिवस आधी पेरलेल्या नाचणीचे कोवळे अंकुर कुरण होतात. आरशाच्या तुकड्याचे तळे, वाळूची पायवाट आणि तिच्या दुतर्फा शिंपले मांडले की मुलांचे काम पुरे होते. ही आरास ६ जानेवारीच्या तीन राजांच्या सणापर्यंत ठेवतात.

श्रोतेहो, यात आपणांस परके असे काय आहे? घटस्थापनेला आपणही धान्य पेरतो. दिवाळीच्या किल्ल्यावर मोहरी-अळीव उगवून आपली मुलेही रान करतात. ज्या कांबट्यांवर आणि पतंगी कागदावर आपला आकाशकंदील होतो, त्यांवरच नाताळचा तारा होतो. आपल्या देवघरात शंख आहे. तर अनेक चर्चमध्ये बाप्तिस्म्याचे पाणी शिंपल्याने किंवा शिंपल्याच्या घाटाच्या पात्राने ओततात. फादर स्टीफन्स यांचे मराठी 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये प्रसिद्ध झाले. इतका जुना हा शेजार आहे.

शिंपल्याची एक जात तर विशेष सांगण्यासारखी आहे. गोव्यातील जुन्या घरांच्या खिडक्यांना काचेऐवजी चपटे, अर्धपारदर्शक शिंपले बसवीत. त्यांतून येणारा उजेड दुधासारखा मऊ असतो. याच जातीच्या शिंपल्यांचे ताऱ्याच्या आकाराचे नाताळकंदील फिलिपाइन्समध्ये करतात.

परंतु येथे एक इशारा दिला पाहिजे. किनाऱ्यावरचा रिकामा शंख खरोखर रिकामा असतोच असे नाही. काही खेकडे आपले मऊ पोट झाकण्यासाठी अशाच शंखात बिऱ्हाड करतात. आपण टोपलीभर शंख उचलले, तर कोणाचे तरी घर उचलतो. वन्य जीव संरक्षण कायद्याखाली २००१ मध्ये प्रवाळांना आणि शंख-शिंपल्यांच्या अनेक जातींना संरक्षण देण्यात आले. खिडक्यांचा तो शिंपलाही त्यांत आहे. म्हणून पर्यटनस्थळी विकावयास मांडलेले मोठे शंख आणि प्रवाळ घेऊ नयेत. आपल्या स्वयंपाकघरात तिसऱ्यांच्या, कालवांच्या शिंपल्या उरतातच. त्या घासून, उकळून, उन्हात वाळवाव्यात आणि खोबरेल तेलाचे बोट फिरवावे. सजावटीला एवढे पुष्कळ झाले.

आपण समुद्रापासून दूर राहतो, मग शिंपले कोठून आणावेत, असे कोणी विचारील. मी म्हणेन, आणूच नयेत. कोकणच्या माणसाने अंगणात आणि किनाऱ्यावर जे होते ते घेतले; आपणही आपल्या परिसरातले घ्यावे. उत्तरेत गव्हाचे काड आहे, डोंगराळ भागात देवदार-चिडाची बोंडे आहेत, बंगालमध्ये ताग आहे. गावाकडून आणावयाचीच असेल तर मूठभर नाचणी आणावी. ती कोठल्याही मातीच्या परळात उगवते.

आपल्या मंडळांत मराठी ख्रिस्ती कुटुंबेही आहेत. गणेशोत्सवात ती आपल्याबरोबर मखर बांधतात, परंतु त्यांचा सण मात्र त्यांच्या घराच्या चार भिंतींत साजरा होतो. मराठीपणाचा वारसा आपण मुलांच्या हाती देऊ पाहतो, तो असा अर्धा राहू नये. म्हणून माझी नम्र सूचना आहे, की येत्या डिसेंबरात मंडळाच्या सभागृहात सर्व मुलांनी मिळून एक गोठा उभारावा. दिवाळीचा किल्ला रचणाऱ्या हातांना तो सहज जमेल. नाचणी मात्र आठवणीने वेळेवर पेरावी!