उपदेश स्वस्त, तपासणी दुर्मिळ

(शिरगाव, ता. मावळ येथे कार्यकर्त्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संक्रांतीचे हळदीकुंकू आणि मार्चमधील महिला दिन या दोन निमित्तांनी हल्ली खेडोपाडी स्त्रियांसाठी आरोग्यविषयक व्याख्याने होतात. स्तनाच्या कर्करोगाचा विषय त्यांत पूर्वीसारखा टाळला जात नाही, ही चांगली गोष्ट आहे. परंतु या व्याख्यानांतून सांगितले काय जाते? रोज चालावे, वजन आटोक्यात ठेवावे, तळलेले खाऊ नये, बाळाला अंगावर पाजावे, मन प्रसन्न ठेवावे. सांगणारे सद्हेतूने सांगतात. ऐकणारी कोण आहे याचा मात्र त्यांना विसर पडतो. मावळातील शेतकरी बाई आषाढात भातलावणीसाठी दिवसभर खाचरात वाकून उभी असते. तिला चालण्याच्या व्यायामाचे महत्त्व सांगणे ही, सौम्य शब्दांत बोलायचे तर, थट्टा आहे. मुलांना तिने अंगावर पाजलेलेच असते, कारण डब्याच्या दुधाला पैसे नसतात. तळलेले तिच्या ताटात सणावारी पडते. आणि तरीही हा रोग तिला होतो, आणि झाला म्हणजे शहरातील सुस्थित स्त्रीपेक्षा तिच्या जिवाला त्याचा धोका अधिक असतो.

ही गोष्ट आकड्यांनी सिद्ध आहे. देशातील पहिली लोकसंख्येवर आधारित कर्करोग नोंदणी मुंबईत 1963 साली सुरू झाली आणि पहिली ग्रामीण नोंदणी 1987 साली बार्शीत. दोन्हींची तुलना केली तर स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण मुंबईत बार्शीच्या दुपटीहून अधिक दिसते. म्हणजे खेड्यातील राहणी या बाबतीत शहरी राहणीपेक्षा सुरक्षित ठरते. परंतु रोग कमी होणे आणि रोगाने कमी मरणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. खेड्यातील स्त्री दवाखान्यात पोचते ती गाठ मोठी झाल्यावर, कित्येकदा कातडी फुटल्यावर. 2022 या वर्षी भारतात सुमारे 1 लाख 92 हजार स्त्रियांना हा रोग झाला आणि सुमारे 98 हजार त्याने दगावल्या, असा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. दोन नव्या रुग्णांमागे एक मृत्यू! पाश्चात्य देशांत हे प्रमाण याच्या निम्म्याहूनही कमी आहे, आणि ते तेथील स्त्रिया अधिक संयमाने जगतात म्हणून खचितच नव्हे.

नैसर्गिक राहणीचा उपदेश खोटा आहे, असे येथे म्हणायचे नाही. त्यात तथ्य किती, हे नीट मापून घ्यावे एवढेच. मद्यपानाने हा धोका वाढतो. पाळी गेल्यानंतरच्या वयात वाढलेल्या वजनाने वाढतो. अंगमेहनतीने काही प्रमाणात कमी होतो. जगभरच्या अनेक पाहण्या एकत्र करून 2002 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, अंगावर पाजण्याच्या प्रत्येक बारा महिन्यांमागे धोका सुमारे 4.3 टक्क्यांनी कमी होतो, आणि प्रत्येक बाळंतपणामागे 7 टक्क्यांनी. ही घट खरी आहे, पण ती ढाल नव्हे. स्त्री असणे आणि वय वाढणे हीच या रोगाची सर्वांत मोठी दोन कारणे होत, आणि त्यांवर कोणाचा इलाज चालत नाही. म्हणून ज्या बाईला गाठ आली तिला ‘तुझे काय चुकले?’ असे विचारणे अशास्त्रीय तर आहेच, शिवाय क्रूरही आहे.

येथे एक इशारा दिला पाहिजे. मुंबईच्या नोंदणीत पारशी स्त्रियांमध्ये हे प्रमाण विशेष आढळले. उशिरा होणारे विवाह आणि थोडी मुले हे त्याचे एक कारण मानले जाते. यावरून मुलींची लग्ने लवकर उरकावीत असा निष्कर्ष काढणारे महाभाग आपल्याकडे निघतील. त्यांनी हेही ध्यानात घ्यावे की, कोवळ्या वयातील विवाह आणि वारंवारची बाळंतपणे यांचा संबंध गर्भाशयमुखाच्या कर्करोगाशी आहे, आणि त्या रोगाने महाराष्ट्राच्या खेड्यांतील किती संसार उघडे पडले आहेत हे बार्शीकडील लोकांना विचारावे.

निसर्गोपचाराला तर पुणे जिल्ह्याची मोठी परंपरा आहे. गांधीजींनी 1946 साली उरुळी कांचनला गोरगरिबांसाठी निसर्गोपचार सुरू केला. त्याच्याही आधी, 1924 साली, स्वामी कुवलयानंदांनी याच मावळात, लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना केली. कुवलयानंदांचे वैशिष्ट्य असे की, त्यांनी योगक्रियांवर नुसती श्रद्धा ठेवली नाही; क्ष-किरण यंत्रासमोर बसवून त्या तपासल्या आणि निष्कर्ष ‘योगमीमांसा’ या नियतकालिकातून छापले. जे हितकर म्हणून सांगायचे ते आधी कसोटीला लावायचे, हा या तालुक्याचा वारसा आहे. त्याच तालुक्यात छातीतील गाठीवर कोणी लेप द्यावा, कोणी काढा द्यावा, आणि त्यात सहा-आठ महिने निघून जावेत, ही खेदाची गोष्ट होय. ‘सुई टोचली की कर्करोग पसरतो’ हा समजही असाच घातक आहे. सुईने नमुना घेतल्याखेरीज गाठ कसली आहे हे निश्चित कळत नाही, आणि बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतातच. तपासणीला भिऊन घरी बसलेल्या अनेक स्त्रिया कारण नसताना भीत असतात; उरलेल्या थोड्यांच्या बाबतीत मात्र प्रत्येक महिना मोलाचा असतो.

अंगावर पाजण्याचा मुद्दा घेतला आहे तर तो शेवटास नेला पाहिजे. ही सवय म्हणून सांगितली जाते; वस्तुतः तो कामाच्या तासांचा प्रश्न आहे. 1928 साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती लाभाचे विधेयक आले तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याचा पुरस्कार केला, आणि 1929 साली मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. पुढे 1961 चा केंद्रीय कायदा आला आणि 2017 च्या दुरुस्तीने 12 आठवड्यांची रजा 26 आठवड्यांची झाली. पण द्रुतगती मार्ग झाल्यापासून या पट्ट्यातील जमिनी विकल्या गेल्या आणि कालच्या शेतकरी घरांतील सुना तळेगाव-चाकणच्या कारखान्यांत कंत्राटदाराच्या हजेरीवर कामाला जाऊ लागल्या. बाळंतपणापूर्वीच जिचे नाव हजेरीपटावरून खोडले जाते तिला 26 आठवडे कोण देणार? पाळणाघर कोठे आहे? अशा बाईला स्तनपानाचे फायदे समजावणाऱ्या वक्त्याने आधी तिच्या कंत्राटदाराला एक व्याख्यान द्यावे.

आता तपासणीकडे वळू. तपासणी म्हटले की यंत्र, असे समीकरण शहरातील जाहिरातींनी रूढ केले आहे. मॅमोग्राफीचे यंत्र उपयुक्त आहे, विशेषतः पन्नाशीनंतर. परंतु ते महाग आहे, ते चालवणारा तंत्रज्ञ आणि त्याचे चित्र वाचणारा डॉक्टर दुर्मिळ आहे, आणि तरुण स्त्रियांच्या घट्ट स्तनांत त्याला पुरेसे दिसत नाही. कॅनडात 1980 साली सुरू झालेल्या मोठ्या प्रयोगात 40 ते 59 वयाच्या सुमारे 90 हजार स्त्रिया होत्या. त्यांपैकी पन्नाशीपुढील गटात एका बाजूला दरवर्षी कसलेल्या हातांनी तपासणी आणि दुसऱ्या बाजूला तीच तपासणी अधिक मॅमोग्राफी, अशी तुलना झाली. पंचवीस वर्षांनंतरही दोहोंच्या मृत्युदरांत फरक दिसला नाही. या प्रयोगावर वाद पुष्कळ झाले. परंतु गरीब देशाने त्यातून घ्यायचा बोध स्पष्ट होता: यंत्र परवडत नाही म्हणून हात बांधून बसण्याचे कारण नाही.

मग स्त्रीने स्वतःच आपली तपासणी करावी, हा सर्वांत स्वस्त मार्ग पुढे येतो. शासनालाही तो फार आवडतो, कारण त्यात शासनाला काही करावे लागत नाही. या उपायाची कसोटी शांघायच्या कापड गिरण्यांतून लागली. 519 कारखान्यांतील 2 लाख 66 हजार कामगार स्त्रियांपैकी निम्म्यांना स्वयंतपासणी पद्धतशीर शिकवली गेली आणि तिचा सराव करून घेतला गेला. सुमारे दहा वर्षांनी, 2002 साली, निकाल आला. शिकवलेल्या गटात या रोगाने 135 मृत्यू, न शिकवलेल्या गटात 131. फायदा शून्य, उलट निरुपद्रवी गाठींवरील शस्त्रक्रिया मात्र वाढल्या. स्त्रीने आपल्या शरीराची ओळख ठेवावी, यात शंका नाही. न दुखणारी गाठ, कातडीला पडलेली खळी, आत ओढले गेलेले बोंड, त्यातून येणारा रक्ताळ स्राव, यांपैकी काही दिसताच तिने दवाखाना गाठावा. पण ‘तुमची तपासणी तुम्हीच करा’ असे सांगून सार्वजनिक आरोग्ययंत्रणेने आपले अंग काढून घेणे याला शास्त्राचा आधार नाही.

या दोन टोकांमधला मार्ग आपल्याच मुंबईत शोधला गेला. टाटा स्मारक रुग्णालयाच्या डॉ. इंद्रनील मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत 35 ते 64 वयाच्या 1 लाख 51 हजार 538 स्त्रियांवर प्रयोग केला. वीस वस्त्या निवडून दहा-दहांची विभागणी केली. एका गटातील स्त्रियांची दर दोन वर्षांनी हातांनी तपासणी झाली. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या, काही आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका होत्या. वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर 2021 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तपासणी झालेल्या गटात रोग लवकर सापडला: तिसऱ्या-चौथ्या अवस्थेतील रुग्णांचे प्रमाण 47 टक्क्यांऐवजी 37 टक्के होते. पन्नाशीच्या व त्यापुढील स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे 30 टक्क्यांनी घटले. सर्व वये मिळून घट 15 टक्के होती, पण ती संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरली नाही, हेही सांगितले पाहिजे. दुसऱ्या गटातील गरीब स्त्रियांना तपासणीविना ठेवणे नीतीला धरून होते काय, हा प्रश्नही उपस्थित झाला. तो रास्त आहे आणि निकालाने तो मिटत नाही. उलट, ज्या स्त्रियांच्या जिवावर हे ज्ञान मिळाले त्यांच्यासारख्यांना तरी त्याचा लाभ व्हायला हवा होता.

झाले काय? केंद्र सरकारने 2016 साली धोरण आखले. 30 ते 65 वयाच्या प्रत्येक स्त्रीची स्तनतपासणी दर पाच वर्षांनी आरोग्यसेविकेने करावी, असे त्यात म्हटले आहे. पाच वर्षांचे अंतर मुंबईतल्या दोन वर्षांच्या मानाने फार आहे. पण तेही असो. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 30 ते 49 वयाच्या स्त्रियांना विचारले गेले की, आयुष्यात कधी स्तनतपासणी झाली आहे काय? ‘होय’ म्हणणाऱ्या निघाल्या शेकडा 0.9. हजारात नऊ! महासाथीचा काळ त्यात होता हे मान्य केले, तरी ‘आयुष्यात कधी’ या शब्दांपुढे ती सबब टिकत नाही.

तपासणी फुकट असते असे म्हटले जाते. अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर काहीच फुकट नसते. खर्च कोणाच्या खात्यावर पडतो एवढाच प्रश्न असतो. शिरगावच्या बाईला गाठ लागली की तिचा हिशेब सुरू होतो. प्राथमिक केंद्रात एक दिवसाचा खाडा. तेथून पुण्याला पाठवले की आणखी खाडा, सोबत नवऱ्याचा किंवा मुलाचा खाडा, गाडीभाडे. सोनोग्राफी एका दिवशी, सुईची तपासणी दुसऱ्या दिवशी, अहवाल आठवड्याने. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत शस्त्रक्रिया, केमोथेरपी, किरणोपचार येतात, हा मोठा आधार आहे. पण तो मुख्यतः निदानानंतरचा आधार. निदानापर्यंतची वाट बाईने बहुधा आपल्या मजुरीतून चालायची असते, आणि बहुसंख्य बाया गळतात त्या याच वाटेवर. जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलेल्या उद्दिष्टांत निदान 60 दिवसांच्या आत व्हावे असे आहे, ते उगाच नव्हे. आणि मुंबईला परळला जावे लागले तर राहायचे कोठे? दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा रुग्णांना आसरा देते. जे काम सरकारने करायचे ते एका झाडूवाल्या संताच्या नावावर चालू आहे.

संकोचाचे कारण नेहमी बाईच्या माथी मारले जाते. तिला लाज वाटते, म्हणून ती येत नाही, असे अधिकारी सांगतात. ज्या खोलीच्या दाराला कडी नाही, खिडकीला पडदा नाही, आणि बाहेर लसीकरणाची रांग लागली आहे, तेथे पदर बाजूला करायला कोणती स्त्री तयार होईल? मुंबईच्या झोपड्यांतून स्त्रिया तपासणीला आल्या, कारण तपासणारी स्त्री होती आणि ती पुन्हा पुन्हा त्याच वस्तीत येत होती. आज हा भार आशा कार्यकर्तीवर आहे. ती घरोघर जाऊन तक्ता भरते. पण शासनाच्या लेखी ती स्वयंसेविका असते, तिला पगार नसतो, मानधन असते. तिच्या मानधनाची लढाई आणि गाठीची लढाई एकच आहे, हे पक्षाच्या पुरुष कार्यकर्त्यांनीही समजून घ्यावे. पवनेच्या पाण्यासाठी 2011 साली मावळच्या स्त्रिया द्रुतगती मार्गावर उतरल्या होत्या; त्यांना मागणी करायला शिकवण्याची गरज नाही. मागायचे काय, एवढेच पुढे ठेवायचे आहे.

येत्या ग्रामसभेत कार्यकर्त्यांनी उपकेंद्राची नोंदवही मागावी. तीत चार आकडे पाहावेत: गावात तीस वर्षांवरील स्त्रिया किती, त्यांतील तपासल्या किती, पुढे पाठवल्या किती, आणि पाठवलेल्यांपैकी प्रत्यक्ष पोचल्या किती. चौथा रकाना बहुधा आखलेलाच नसेल. तो आखून घ्यावा, आणि त्यातील प्रत्येक न पोचलेल्या बाईच्या घरी कार्यकर्तीने दोन दिवसांत जावे, जमल्यास पुण्याच्या गाडीभाड्याचे पैसे बरोबर घेऊनच.