स्ट्रॉबेरीचे चॉकलेट गोळे



महाबळेश्वर-पाचगणी भागात मार्चचे ऊन तापू लागले की स्ट्रॉबेरी लवकर मऊ पडते. असे फळ मुंबईचा प्रवास सोसत नाही आणि जागेवर त्याला भाव येत नाही. त्याचे चॉकलेटचे गोळे करता येतात. शहरात यांना ट्रफल म्हणतात. फळ मऊ चालेल, पण बुरशी लागलेले नको. तेवढा भाग कापून बाकीचे वापरू, असेही करू नका. मऊ फळात बुरशी आतवर गेलेली असते.

अर्धा किलो फळ धुऊन, देठ काढून कुस्करा. १०० ग्रॅम साखर घालून मंद आचेवर आटवा. खरे काम इथेच आहे. उलथने ओढल्यावर पातेल्याच्या तळाशी रेघ राहिली, लगेच बुजली नाही, म्हणजे झाले. साधारण २०० ग्रॅम लगदा उरतो. पातळ राहिला तर गोळे वळत नाहीत आणि लवकर आंबतात.

आता ४०० ग्रॅम काळे चॉकलेट चिरून, कोरड्या भांड्यात, गरम पाण्याच्या पातेल्यावर ठेवून वितळवा. वाफेचे चार थेंब आत पडले तरी चॉकलेट रवाळ होऊन गच्च बसते, बरं का! आमची पहिली खेप अशीच गेली. मग १०० ग्रॅम ताजी घोटलेली साय आणि लगदा, दोन्ही कोमट करून, मिसळा. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी सुपारीएवढे गोळे वळून कोको पावडरीत घोळवा.

फ्रिजमध्ये चार-पाच दिवस राहतात. विकायचे असतील तर अन्नसुरक्षा कायद्याखालची नोंदणी आधी करून घ्या.