आमचुराचा काटा आणि वनपट्टा
(धडगाव तालुक्यात झालेल्या शिबिरातील मांडणी. बोलणे थोडे लहान करून दिले आहे.)



मला विषय दिलाय ‘फळझाडांची मूल्यसाखळी’. शब्द सरकारी आहे, पण घाबरू नका. कैरी झाडावरून उतरते तिथपासून तिची पूड शहरातल्या किराणा दुकानात पुडीतून विकली जाते तिथपर्यंत किती हात लागतात आणि कोणता हात किती ठेवून घेतो, त्याला हे नाव दिलंय. यातले पहिले हात आपले आहेत. आंबा आपला, पाडणारे आपण, सोलणारे आपण, वाळवणारेही आपणच. मग पैसा पुढच्या हातात कसा जातो?

आपल्या सातपुड्यात आमचूर कधी निघतो ते बघा. एप्रिल-मे महिना. गुजरातेत ऊसतोडीला गेलेली माणसं नुकतीच परत आलेली असतात. घरात लग्न असतं, पुढं पेरणीचं बियाणं घ्यायचं असतं. पैशाची सगळ्यात जास्त नड याच वखताला. व्यापाऱ्याला हे आपल्यापेक्षा चांगलं माहीत आहे. तो आधीच उचल देऊन ठेवतो. एकदा उचल घेतली की माल त्यालाच घालायचा, आणि भाव त्यानं सांगितलेला. उचल फेडायच्या घाईत आपण कैरी भरायच्या आधीच झोडपतो. कोवळ्या कैरीत पाणीच जास्त, वाळल्यावर हाती काय राहणार?

साधारण दहा-बारा किलो कैरी सोलली, चिरली, वाळवली तर एक किलो आमचूर होतो. हा आकडा ध्यानात ठेवा, आता काट्याकडे येऊ. बाजारात पोत्यामागे दोन किलो ‘कट्टी’ कापतात, पोत्याचं वजन म्हणून. तुम्ही रिकामं पोतं काट्यावर ठेवून बघा, किलोभरसुद्धा भरत नाही. म्हणजे पोत्यामागे एक किलो आमचूर फुकट गेला. एक किलो म्हणजे दहा-बारा किलो कैरी, म्हणजे एका बाईचा उन्हातला कितीतरी वेळ. दहा पोती घातली तर दहा किलो. ‘कट्टी तर रीतच आहे’ असं आपलीच माणसं म्हणतात, तेव्हा मला राग येतो. ही रीत आपल्या पूर्वजांची नाही, दुकानाची आहे. काट्यावर वैधमापन विभागाचा शिक्का आहे का हे विचारायचा आपल्याला अधिकार आहे. पण एकट्यानं विचारलं तर शेठ म्हणतो, “जा, दुसरीकडे घाल.” पाड्यातली वीस घरं मिळून माल घेऊन गेली तर त्याला असं म्हणता येत नाही.

आता मालाचं. पांढऱ्या आमचुराला भाव, काळा पडला की निम्म्यावर घसरतो. काळा का पडतो? लोखंडी विळ्यानं चिरलं की फोडीला डाग येतो. साल अर्धवट राहिली तरी रंग जातो. खडकावर, मातीवर वाळवलं की धूळ बसते. आणि वळवाचा पाऊस आला की सगळंच गेलं. यावर काही मोठं यंत्र लागत नाही. स्टीलच्या सुऱ्या, स्वच्छ कापड किंवा बांबूच्या ताट्या जमिनीपासून उचलून, आणि ढग दिसला की झाकायला ताडपत्री. पांढरा माल वेगळा भरा, काळा वेगळा. मिसळलात तर सगळ्याला काळ्याचाच भाव मिळतो.

एवढं केल्यावर मग कंपनीची गोष्ट. शेतकरी उत्पादक कंपनी दहा शेतकरी मिळून काढू शकतात. कायद्यात ही सोय २००२ साली आली. तिच्यात शेअर कमी-जास्त असले तरी एका सभासदाला एकच मत, हे चांगलं आहे. शेजारी गुजरातमध्ये वांसदा तालुक्यात १९८२ पासून आदिवासी कुटुंबांनी छोट्या तुकड्यांवर कलमी आंबा आणि काजूच्या वाड्या लावल्या, पुढे सहकारी संस्था करून माल एकत्र विकला. म्हणजे आपल्यासारख्या डोंगरातल्या माणसांना हे जमतं.

पण आपल्याकडे गाडी कुठं अडते? योजनेचा साहेब येतो आणि सातबारा मागतो. आपल्यातल्या किती जणांकडे सातबारा आहे? हात वर करा. ... बघा. वनहक्काचा दावा कुणाचा उपविभागीय समितीकडे पडून, कुणाचा नाकारलेला, कुणाला कसतोय त्यापेक्षा कमी जमीन मिळालेली. झाड लावून फळ यायला चार-पाच वर्षं लागतात. ज्या जमिनीवरून उद्या उठवतील अशी भीती, तिथं कलम कोण लावणार? म्हणून मी म्हणते, साखळीची पहिली कडी वनपट्टा आहे. २००६ च्या कायद्यात चार हेक्टरपर्यंत कसवणूक मान्य होते, ताबा १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा पाहिजे. आणि दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत उठवता येत नाही, हे कलम ४(५). पुराव्यात गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब चालतो. आजोबानं लावलेला आंबा कोणता, कोणत्या बांधावर, हे ज्या आजीला माहीत आहे तिचा जबाब आत्ता लिहून घ्या. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे असतो. मग कंपनीचं सभासदत्व फक्त नवऱ्याच्या नावे का? सोलते कोण?

जंगलातल्या आंब्याचं वेगळं आहे. गौण वनोपजाची मालकी याच कायद्यानं आपल्याला दिली आहे. २०१२ च्या सुधारित नियमांत गावातच प्रक्रिया करणं आणि जंगलाबाहेर नेऊन विकणं हेही येतं. नाक्यावर आमचुराची पोती अडवली तर वाहतुकीचा परवाना ग्रामसभेची समिती देते, हे सांगा. समिती नेमलेली नसेल तर आधी ती नेमा.

तर पुढच्या ग्रामसभेत तीन विषय घ्या: अडकलेल्या दाव्यांची यादी, वनोपज समिती, आणि पाड्याचा स्वतःचा शिक्क्याचा काटा. काट्याला वर्गणी किती लागेल ते जेवणानंतर बसून काढू. होळीच्या आत काटा आला पाहिजे, कारण होळीनंतर उचल वाटणारे पाड्यावर फिरायला लागतात.

जिंदाबाद!